‘टॉर्च मारणाऱ्या बाया’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन टॉर्चच्या उजेडात तोंडं तपासावीत, म्हणजे मुखकर्करोगाची शंका लवकर येईल, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं, कारण रागात होते. राग अजून गेलेला नाही.

एक चूक आधी कबूल करते. केरळमधल्या एका संशोधन-चाचणीत तोंडाच्या तपासणीमुळे मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले, असं मी सरसकट लिहिलं. ती घट तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमधली होती. ती ओळ दुरुस्त केली आहे. पण तेवढ्यावरून मला थेट ‘आकडे फुगवणारी’ ठरवायचं? चूक दाखवायची ही कुठली रीत?

आता तुमचं ते वाक्य : ‘चार बुकं शिकलेल्या बाया टॉर्च मारून कॅन्सर ओळखणार?’

अहो, कॅन्सर त्यांनी ओळखायचाच नसतो. निदान बायोप्सीनं होतं. त्यांनी गालाच्या आतून, हिरड्यांवर, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली बघायचं : पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे उलटूनही न भरलेली जखम आहे का, तोंड पुरतं उघडतंय का. शंका आली की पुढे पाठवायचं. ज्या चाचणीच्या आकड्यावरून तुम्ही मला पकडलंत, ती 1996मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुरू झाली. 13 पंचायतींपैकी 7 पंचायतींत तपासणी झाली, बाकीच्या तुलनेसाठी होत्या, आणि घरोघरी जाऊन तोंडं तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते.

‘तुम्हाला यातला अनुभव काय?’ असंही विचारलंत. सांगते. माझे बाबा रक्तदाबासाठी दर महिन्याला दवाखान्यात जायचे. तंबाखू खातात हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. एकदाही कुणी ‘आ करा’ म्हटलं नाही. गालातला चट्टा दुखायला लागल्यावर एकांनी दाढ काढली, वर मलम दिलं. आठ महिने असे गेले. निदान झालं तेव्हा मानेत गाठी आल्या होत्या. हे सगळे भरपूर शिकलेले लोक होते. त्या आठ महिन्यांत तुमच्या त्या ‘बायां’पैकी एक जरी आमच्या दारात टॉर्च घेऊन आली असती!

शंका आलेले किती जण पुढच्या तपासणीला पोचतात, उगाच धास्ती बसलेल्यांचं काय, सगळ्यांना तपासायचं की फक्त तंबाखू खाणाऱ्यांना, हे प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत. त्यांवर सवडीनं लिहीन, आज नाही.

मी माझी ओळ दुरुस्त केली. ‘बाया’ तेवढं तुम्ही दुरुस्त करा.