पैलवान आणि पंचगंगा

आमच्या लॅब्राडोरचं नाव पैलवान ठेवलं, ही पहिली चूक. शिवाजी पेठेत राहून हे नाव ठेवायचं नसतं. सकाळी सहाला गांधी मैदानावर "पैलवान, इकडं ये!" अशी हाक मारली की जोर-बैठका मारून निघालेले तिघे वळून बघतात, आणि कुत्रा सोडून सगळे येतात. एकानं जवळ येऊन "बोला की मालक" असं इतक्या अदबीनं विचारलं, की मी त्याला रस्ता विचारून वेळ मारून नेली. ज्या पेठेत जन्म गेला, तिथला रस्ता.

म्हणून शिट्टी आली.

मुळात हे खूळ पुण्याच्या भाच्याचं. "मामा, लॅब्राडोर म्हणजे रिट्रीव्हर! पाण्यात पडलेलं पाखरू आणून देणारी जात. आणि तुमचा बघावं तेव्हा फ्रीजसमोर." मग त्यानं मोबाईलवर परदेशातल्या फील्ड ट्रायल दाखवल्या. बंदूक वाजते, बदक पाण्यात पडतं, कुत्रा मालकाच्या पायाशी पुतळ्यासारखा बसलेला. इशारा मिळाला की सूर, आणि बदक पिसालाही धक्का न लागता मालकाच्या हातात. चावून बरगड्या मोडल्या तर कुत्रा स्पर्धेतून बाद. पैलवानानं माझ्या चष्म्याच्या घराचं काय केलं होतं ते आठवून मी गप्प बसलो.

शिकारीचं कोल्हापूरला नवल नाही. संस्थानकाळी इथं चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरत. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते सगळं संपलं. त्यामुळं आमचं बदक म्हणजे माझ्या जुन्या जीनचा एक पाय, आत दोन रिकाम्या बाटल्या. सौ.नं तोंड शिवून देताना एवढंच विचारलं, "हे आणून दिल्यावर पुढं काय करायचं?"

"पुन्हा फेकायचं."

ती काही बोलली नाही. फक्त दोरा दातानं तोडला, तो जरा जोरातच.

शिट्टीची भाषा सोपी आहे. एक लांब म्हणजे बस, तीन-चार आखूड म्हणजे ये. लांब शिट्टी त्याला आठवड्यात आली, कारण बसायला त्याला निमित्तच लागतं. मग एक दिवस मिरजकर तिकटीला हवालदारानं एका रिक्षाला लांब शिट्टी मारली. रिक्षा निघून गेली, पैलवान भर चौकात बसला. मागं केएमटीची बस थांबली, तिच्या मागं आणखी पाच-पन्नास. हवालदार म्हणाला, "माझी शिट्टी मानणारा हा पहिलाच. घेऊन जावा आता."

आखूड शिट्टीचं तसं नाही. जीनचा पाय तोंडात धरला की हा अर्ध्या वाटेवर येऊन दुसरीकडंच पळायचा. अशा वेळी त्याच्या मागं धावायचं नाही, उलट दिशेनं पळायचं, म्हणजे तो आपल्या मागं येतो. शास्त्र खरं आहे, तो येतोही. पण चौपन्नाव्या वर्षी ढेरी सावरत मैदानभर कुत्र्यापासून पळताना बघणाऱ्यांना ते शास्त्र दिसत नाही. "काका, चावतंय काय ओ ते?" पोरांनी दोनदा मध्ये पडून मला वाचवलं.

बक्षीस म्हणून खाऊ द्यायचा. त्यात हयगय नव्हती. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरच्या पीओएमसी नावाच्या जनुकातला तुकडा गळालेला असतो, त्यामुळं त्याची भूक भागतच नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पैलवान म्हशीकडं ज्या नजरेनं बघतो, त्यावरून तो चारातला एक आमच्याच घरी आलाय.

आता पाणी. रंकाळा जवळ, पण तिथं फिरणारं अर्धं कोल्हापूर मला ओळखतं. शिवाय साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग असला तर कुत्र्याला सोडायचं नसतं, त्यातलं काही शेवाळ विषारी निघतं. बंधाऱ्याच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते. एका मित्रानं त्याचं शेततळं देऊ केलं. निळंशार पाणी, चिटपाखरू नाही, मी खूश. तेवढ्यात काठावरून आत सोडलेला गाठीगाठींचा दोर दिसला.

"हे कशाला?"

"कोण पडलं तर. प्लास्टिकवर पाय ठरत न्हाई. माणूस वर येत न्हाई, कुत्रं कुठलं येतंय?"

उतरायला चारी बाजूंनी वाट, चढायला एकही नाही. पैलवानाला घेऊन मी तसाच मागं फिरलो.

राहिला पंचगंगेचा घाट. जानेवारीत पाणी संथ असतं आणि दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. गळ्यातला पट्टा काढला, कारण तो पाण्यात कशात अडकला तर फास बसतो. छातीला हार्नेस, त्याला लांब दोरी. यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात जाळी ओढायचे. बोटांमध्ये पडदे, पाणमांजरासारखी शेपूट, आत पाणी शिरू न देणारी दुहेरी फर. इंग्लंडच्या केनेल क्लबनं १९०३ मध्ये या जातीला मान्यता दिली. एवढी परंपरा पाठीशी असलेला पैलवान तिसऱ्या पायरीवर बसला आणि नदीकडं पाठ फिरवली.

ढकलायचं नाही. एकदा ढकललं की कुत्रं ते जन्मभर विसरत नाही. आपण आधी उतरायचं. मी आठ दिवस उतरलो. पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. धुणं धुणाऱ्या बायकांनी विचारलं, "नवस हाय काय?" आठव्या दिवशी हा आला, आणि नंतर बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी शेपूट दोरीसारखी लोंबायला लागली. मोडली म्हणून मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, पोहून पोहून शेपटीचे स्नायू आखडलेत, चार दिवस विश्रांती द्या. पैलवानानं ती सहा दिवस घेतली.

आणि मग तो सोमवार. एक आजी पायरीवर बसून नदीची ओटी भरत होत्या. हळद-कुंकू, खण, आणि शेवटी नारळ पाण्यात सोडला. नारळ डुलत निघाला. मी खाली बघितलं तर पैलवानाचे कान उभे. दोरी पकडेपर्यंत त्यानं सूर मारलेला.

काय सांगू, तो रिट्रीव्ह बघायला भाचा हवा होता. सरळ रेघेत गेला, नारळ अलगद उचलला, वळला, पायऱ्या चढला. बाहेर आल्यावर अंग झाडायला म्हणून शिकार खाली टाकणं हा स्पर्धेत दोष धरतात. यानं झाडलंसुद्धा नाही. ठिबकत तसाच आजींसमोर नीट बसला आणि नारळ त्यांच्या हातात दिला. शेंडीचा एक धागा निसटला नव्हता.

घाट गप्प झाला. आजींनी नारळाकडं बघितलं, मग नदीकडं, आणि हात जोडले. "आई, माझं काय चुकलं गं?"

"चुकलं न्हाई आजी, परसाद दिला तिनं," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, कुत्र्याच्या तोंडचा कसला प्रसाद? घाटावर दोन तट पडले. तेवढ्यात आजींनी नारळ पुन्हा सोडला, आणि तो पुन्हा आला. त्याच थाटात, त्याच अदबीनं.

तिसऱ्या वेळी आजी माझ्याकडं वळल्या. "आगुदर ह्या देवाला धरा. मग मी सोडते."

मी दोन्ही हातांनी धरला. नारळ दिसेनासा होईपर्यंत पैलवान कण्हत होता. लोक पांगल्यावर मी जीनचा पाय फेकला. तो कुठं पडला ते पैलवानानं नीट बघून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि पायरीवर उन्हाला अंग टाकलं.

पाणी अजून गार होतं. मी पँट गुंडाळली.