‘नुसती हवा आणि वीज, त्यात कसली भीती?’

फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या प्लाझ्मा कटरबद्दल, म्हणजे दाबाची हवा विजेने तापवून धातू कापणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘प्लाझ्मा कटर घ्या, निर्धास्त राहा. ना ऑक्सिजन, ना डीए (ॲसिटिलीन वायूचा सिलेंडर), नुसती हवा आणि वीज. शॉक वेल्डिंगएवढाच, म्हणजे किरकोळ. साधा काळा गॉगल पुरे. धूर लागला तर गूळ खा. आणि गॅसच नाही, म्हणून रिकामे ड्रमसुद्धा बिनधास्त कापा.’ २० वर्षं शेडमध्ये काढली आहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

सिलेंडरचं वाक्य खरं आहे. फ्लॅशबॅक होऊन ज्योत नळीत शिरायची भीती इथे नाही. मीही त्याच कारणासाठी ही मशीन घेतली. पुढची चारही वाक्यं मात्र चूक आहेत.

शॉक वेल्डिंगएवढा नसतो. वेल्डिंग मशीनवर आर्क (विजेची झळाळती ठिणगी) पेटलेला नसताना साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. हातात धरायच्या प्लाझ्मा मशीनवर २५० ते ३०० व्होल्ट डीसी सहज असतात, मोठ्या मशीनवर त्याहून जास्त. होल्डरला हात लागला, झिणझिण्या आल्या, हात झटकला आणि पुन्हा कामाला लागलो, ही वेल्डिंगची सवय इथे जीव घेऊ शकते. मे महिन्यात घामाने भिजलेला हातमोजा आणि पावसाळ्यातली ओली फरशी, दोन्ही सारखेच वाईट. नोझल किंवा इलेक्ट्रोड बदलताना ट्रिगर सोडून भागत नाही. मेन स्विच बंद करायचा, मगच टॉर्च (हातात धरायचं कापायचं टोक) उघडायची. अर्थचा क्लॅम्प मूळ जॉबला (कापायच्या धातूला) लावायचा, कापून खाली पडणाऱ्या तुकड्याला नाही.

गॉगलचं म्हणाल, तर उन्हाचा गॉगल या कामाला काहीच नाही. ४० अँपिअरपर्यंत ५ नंबर गडदपणाची काच लागते, ६० पर्यंत ६, ८० पर्यंत ८, आणि त्यापुढे ९ घेतलेली बरी. शिवाय नुसते डोळे झाकून गळा आणि गाल उघडे ठेवले तर तिथली कातडी भाजते. डोळ्यांना आर्क लागल्याचं त्या क्षणी कळतच नाही. ६ ते १२ तासांनी, बहुतेकदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

गुळावर आपल्या लोकांचा फार विश्वास. पण गूळ जातो पोटात आणि धूर जातो फुप्फुसात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप कापला की जस्ताचा धूर निघतो, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून सगळे सोडून देतात. एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) तसं नाही. त्याच्या धुरात षट्‌संयुजी क्रोमियम असतं, आणि त्याने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूरही निश्चित कर्करोगकारक ठरवला. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. एन ९५ मास्क कण अडवतो, पण आर्कमुळे तयार होणारे ओझोनसारखे वायू त्यालाही अडत नाहीत. धूर निघाल्या जागीच ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा.

आता ड्रम. मेसेजमधलं हेच वाक्य मला झोपू देत नाही. ड्रम रिकामा दिसतो, तेव्हा तो वाफेने भरलेला असतो. थिनरमधलं टोल्युइन घ्या. हवेत त्याची वाफ १.२ टक्के झाली की भडका उडू शकतो. म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला चहाचे २ चमचे टोल्युइन पुरतं, आणि तेवढं शिवणीत अडकून राहतंच. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकण उघडून ठेवलं तरी तळाशी बसून राहते. तेलाचा ड्रम थंड असताना पेटणार नाही, पण कापताना पत्रा तापला की आतल्या थराचीच वाफ होते. अशा ड्रमला प्लाझ्मा ठिणगी देतो आणि वर हवाही आत फुंकतो. डीए नसल्याने यात काही फरक पडत नाही.

हे नुसतं माझं मत नाही, कायद्यातही होतं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ प्रमाणे ज्यात ज्वालाग्राही पदार्थ होता असं भांडं, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय, कारखान्यात उष्णतेने कापायला किंवा वेल्ड करायला मनाई होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली, पण धोका तोच आहे. नळाखाली विसळणं म्हणजे काढणं नव्हे, कारण तेल पाण्याने सुटत नाही. पाण्यासाठी ड्रम हवा असेल तर उघड्या तोंडाचा नवा विकत मिळतो.

मला हा मेसेज पाठवणाऱ्या पोराला मी फोन केला. त्याच्या शेडमागे भंगारवाल्याकडून आणलेले ४ ड्रम आहेत, रविवारी कापायचे म्हणाला. लेबल वाच म्हटलं, तर लेबलं खरवडलेली. बूच उघडून वास घ्यायला निघाला होता, त्यालाही अडवलं. ड्रम परत देऊन तसा फोटो मला पाठवायचं त्याने कबूल केलंय.