दोनदा जेवायचं ठरलं, पण चालायचं कुठे?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवणाच्या वेळांवरून वाद पेटला, की कुणाचा तरी साखरेचा रिपोर्ट आलाय हे मला इथे टोकियोत कळतं. काका डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूचे: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही 55 मिनिटांच्या आत. मावशी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: घरचं, थोडं थोडं, दर दोन तासांनी, आणि तुपाला घाबरायचं नाही. गेली काही वर्षं हे चाललंय आणि कुणीही हटायला तयार नाही.

या वादाने भलं केलंय, हे आधी सांगते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. अशा देशात सत्तरीच्या काकूंना एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) म्हणजे काय हे ठाऊक असणं मोलाचंच आहे. पण दीक्षितांच्याच सांगण्याचा अर्धा भाग आहे रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा. त्यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

इथे जपानमध्ये आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा, आम्हा परदेशी रहिवाशांनाही. 2008 पासून 40 ते 74 वयाच्या विमाधारकांसाठी वर्षातून एकदा ठरावीक तपासणी असते. रक्त घेतात, रक्तदाब बघतात आणि कंबरेला फीत लावतात. पुरुषांची मर्यादा 85 सेंटिमीटर, बायकांची 90. त्यापुढे गेलात आणि जोडीला साखर, रक्तदाब किंवा रक्तातली चरबीही वाढलेली असली, की सल्ल्यासाठी बोलावणं येतं. माझ्या नवऱ्याला आलं. समोरच्या नर्सबाईंनी ना डाएटचा तक्ता दिला, ना भात बंद करायला सांगितला. ऑफिस कुठल्या स्टेशनला, घरातून किती वाजता निघता, एवढं विचारलं आणि म्हणाल्या, एक स्टेशन आधी उतरा. आता तो कायाबाचोऐवजी मोन्झेन-नाकाचोला उतरतो आणि एइताई पुलावरून सुमिदा नदी ओलांडून ऑफिसात पोचतो. पुलावर दोन्ही बाजूंना सलग फूटपाथ आहे, म्हणून तर तो सल्ला कामाचा.

जपानचं सगळंच छान आहे असं नाही. लोणची, मिसो, नूडल्सचं सूप, सगळ्यात मीठ फार, आणि ऑफिसचे तास माणसाला पिळून काढतात. तरी चालणं हा इथे वेगळा संकल्प नसतो, दिवसाच्या रहाटीतच ते होऊन जातं.

तिकडे भारतात माझ्या आईलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गेटबाहेर पाऊल टाकलं की फूटपाथवर आडव्या लावलेल्या मोटारसायकली, पुढे वीजमंडळाचा डबा, त्यापुढे उखडलेल्या फरश्या. रस्त्यावर उतरावं तर रिक्षा अंगावर येते. मग ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून, फेऱ्या मारते. तिच्यात निश्चय कमी आहे असं कुणी म्हणू नये. मला राग येतो तो याचा, की तब्येतीचं सगळं ओझं आपण एकेकट्या माणसाच्या ताटावर आणि जिभेवर टाकून मोकळे होतो.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, पण ग्रुपवर फिरतात ते खासगी लॅबच्या पॅकेजचे मेसेज. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला, तेव्हा म्हातारी माणसं, बाबागाडीतली पोरं रस्त्याच्या मधोमध निवांत चालत होती. मी फोटो टाकले. काकांनी अंगठा दाखवला आणि पुन्हा नाश्त्यावर वाद सुरू.

काकांचं वॉर्डात वजन आहे, मावशीला पन्नास बायका ओळखतात. दोघांनी मिळून नगरसेवकाकडे एकच अर्ज घेऊन जावं: आमच्या गेटपासून बागेपर्यंतचा फूटपाथ मोकळा करा, फरश्या बसवा, दिवे लावा. अर्ज मी लिहून पाठवते. सह्या मात्र त्यांनीच गोळा करायच्या.