ओट्याचा दगड पाणी प्यायला, म्हणून शेतात तेल?

गेल्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारात मामांकडे गेले, तर मामा ओट्यावर उकिडवे बसलेले. हातात डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली, तीत पाणी. ओट्याच्या ध्रांगध्री दगडावर (तोही वाळूचाच खडक) एकेक थेंब सोडायचे आणि मोजायचे. "एक, दोन, बघ, गेलं! तीनच्या आत!" चेहरा असा, की लॉटरी लागली असावी.

कारण मोबाइलवर होतं. गणपती मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज, आता बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत पोचलेला. त्याचा सारांश असा: बडोदे-पादरा पट्ट्याखाली वाळूचा खडक आहे आणि वाळूचा खडक म्हणजे तेल. खडकात 20 टक्के छिद्रं, म्हणजे हजार लिटर खडकात 200 लिटर तेल. ओळखायचं कसं, तर दगडावर पाण्याचा थेंब टाका, तीन सेकंदांत शोषला तर 'ए ग्रेड'. सरकार हे लपवतंय. आणि ज्याची जमीन त्याचं तेल, म्हणून भाव वाढायच्या आत घ्या. खाली एका दलालाचा नंबर. मामांनी गुरुवारी बानाखत, म्हणजे जमीन खरेदीचा करार, करायचं ठरवलंही होतं. बाना, म्हणजे विसार, 51 हजार.

मी सयाजीराव विद्यापीठात भूविज्ञान शिकले आणि सोळा वर्षं एका प्रयोगशाळेत खडकाचे तुकडेच तपासले. "तुझ्याच लाइनीतलं आहे," मामा म्हणाले. म्हणून हे लिहिते आहे, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

आधी तो थेंब. कोरडा, बारीक छिद्रांचा कुठलाही पदार्थ पाणी ओढतो. वीट ओढते, माठ ओढतो. मग काय कुंभारवाड्यात तेलविहीर खोदायची? उलट, खडक खरोखर तेलाने माखलेला असेल तर थेंब आत न जाता वर मण्यासारखा बसून राहण्याची शक्यता जास्त. शिवाय ओट्याचा दगड वर्षानुवर्षं उन्हापावसात पडलेला. पावसाच्या पाण्याने वरच्या थरातला चुना विरघळतो, छिद्रं मोठी होतात. त्यावरून दोन किलोमीटर खोल काय आहे हे ठरवणं म्हणजे वाळत घातलेल्या धोतरावरून माणसाचा रक्तदाब सांगणं. तेवढ्या खोलीवर वरच्या खडकांचं ओझं कण दाबून जवळ आणतं, आणि तापमान 70-80 अंशांच्या पुढे गेलं की क्वार्ट्‌झच्या (वाळूतल्या मुख्य खनिजाच्या) कणांवर नवं क्वार्ट्‌झ चढायला लागतं. छिद्रं बुजतात ती अशी.

प्रयोगशाळेत आम्ही काय करतो तेही सांगते. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातून बोटाएवढा तुकडा कापायचा, टोल्युइनमध्ये ठेवून त्यातलं जुनं तेल धुवायचं, वाळवायचा. मग आत हीलियम सोडून पोकळी मोजायची. ही झाली सच्छिद्रता, पोरॉसिटी. नंतर त्याच तुकड्यातून वायू ढकलायचा आणि तो किती सहज पलीकडे जातो ते बघायचं. ही पारगम्यता, पर्मिॲबिलिटी. मेसेज लिहिणाऱ्याला पहिला शब्द कुठूनतरी सापडला, दुसऱ्याचा पत्ताच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

खडकाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की निळा रंग घातलेली राळ जिथे शिरली ती पोकळी निळी दिसते. काही चकत्या निळ्याशार असतात, पाहणाऱ्याला वाटतं, वा! आणि पारगम्यता मोजावी तर जवळपास शून्य. का, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. इलाइट नावाच्या चिकणमातीचे केसासारखे तंतू कणाकणांमधल्या फटींत पसरलेले असतात, शेवयांसारखे. जुन्या पोळातलं, म्हणजे दाटीच्या गल्लीतलं घर आठवा. खोल्या भरपूर, पण बोळ असा, की कपाट बाहेर काढायचं तर तोडून काढावं लागतं. तेलाचंही तेच.

पटत नसेल तर फ्रान्सचा फोंतेनब्लो दगड घ्या. जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झ, कण साधारण एकाच मापाचे. फरक फक्त कणांना जोडणाऱ्या नैसर्गिक सिमेंटचा. 1985 मध्ये बुर्बिए आणि झिन्स्नर या संशोधकांनी त्याचे नमुने मोजले. सच्छिद्रता 3 टक्क्यांपासून 28 टक्क्यांपर्यंत सापडली, म्हणजे नऊपट फरक. पारगम्यतेतला फरक हजारो पटींचा. दगड एकच, कण तेच. आता 'वाळूचा खडक म्हणजे तेल' हे वाक्य परत वाचा. आणि हो, या नामांकित दगडात तेल नव्हतं. पॅरिसच्या रस्त्यांवर फरशी म्हणून तो घातला गेला.

दोनशे लिटरचा हिशेब तर शाळेतल्या पोराने चुकवू नये असा. छिद्रं रिकामी नसतात, त्यांत बहुधा खारं पाणी असतं. तेल यायला खाली ते तयार करणारा शेल, म्हणजे चिखलाचा खडक हवा, वर अडवणारा थर हवा आणि साठायला योग्य आकाराचा सापळा हवा. हे सगळं जुळलं असं धरू. 200 लिटर पोकळीत 40 टक्के पाणी, उरलं 120. वर येताना विरघळलेला वायू निघून जातो, तेल आकसतं, राहिलं समजा 100. त्यातलं तीसेक टक्के निघालं तर नशीब चांगलं. म्हणजे 30 लिटर, तेही खरोखर तेल असलेल्या खडकातून.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. आपण खंभातच्या खोऱ्यात बसलोय आणि इथे तेल आहे. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला सापडलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला, आणि अंकलेश्वरचं तेल वाळूच्या खडकातच आहे. कोयलीची रिफायनरी काही हवेत उभी राहिली नाही. पण ज्या पादऱ्याचं नाव घेऊन हा मेसेज फिरतोय, तिथल्या क्षेत्राची ख्याती वेगळीच आहे. तिथे तेल डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या बेसाल्टच्या भेगांतून निघतं! आणि देशातलं सगळ्यांत मोठं क्षेत्र, मुंबई हाय, ते चुनखडीत. मेसेजवाल्याचा वाळूचा खडक दोन्हीकडे नापास.

सरकार लपवतंय यावर काय बोलणार? देश 80 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून विकत आणतोय, लपवून काय लोणचं घालणार?

आता 51 हजारांचा मुद्दा. जमीन तुमची असली तरी तेल तुमचं होत नाही. 1948 च्या तेलक्षेत्र कायद्याखाली परवाना लागतो आणि जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्य सरकारला जाते. विहिरीसाठी शेत घेतलं तर भाडं आणि पिकाची भरपाई मिळते, एवढंच. त्याहून मोठं म्हणजे, गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. कुळकायद्याचं कलम 63. मामा बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले, सातबारात त्यांच्या सात पिढ्यांचं नाव नाही. दलालाला हे माहीत नसेल? त्याला बाना हवा होता, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे सगळं मामांना सांगायला दोन कप चहा आणि अर्धा डबा चकल्या लागल्या. त्यांनी दलालाला फोन करून "सध्या राहू दे" म्हटलं. 'सध्या' मला आवडलं नाही, पण चाललं. मग ते परत ओट्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा दगड बिनकामाचा?"

म्हटलं, "मामा, दगड इतका पाणी पितोय, तर पावसाळ्यात ओल आतल्या भिंतीत जात असेल. गवंड्याला बोलवा आणि सांधे भरून घ्या."

"जाते," मामी आतून म्हणाल्या. "तीन वर्षं सांगतेय."