दगडी झाली तरी धार काढायचीच

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतंय : ‘गाईला दगडी झाली की त्या सडाची धार बंद ठेवा, सूज आपोआप उतरते.’ चूक. दगडी म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज; कोंडलेल्या दुधात ते जंतू वाढतच राहतात. सूज उतरलीच, तर कधीकधी तो सड कायमचा आटलेला असतो!

दगडीचा सड पूर्ण रिकामा करा, पण बाकीच्या सडांनंतर, सगळ्यात शेवटी. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्या, गाठी लगेच दिसतात. त्या सडाचं दूध डेअरीला नाही, वासराला नाही, गोठ्यात तर ओतूच नका. धारेनंतर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. तेवढ्यात गाय बसली तर त्यातून जंतू आत शिरतात, म्हणून पुढ्यात ढेप-कडबा टाकून तिला उभी ठेवा. हळद-चुन्याचा लेप खुशाल लावा, पण ताप किंवा दुधात रक्त दिसलं तर डॉक्टरच बोलवा.