बृहत आराखड्यात मास्तर कुठे आहे?

आपल्या विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत आराखडा, म्हणजे पाच वर्षांच्या शैक्षणिक विकासाचा नियोजन दस्तऐवज, किती जणांनी उघडून पाहिलाय? प्राध्यापक मित्रांना विचारतोय, इतरांना नाही. गेले काही महिने भेटेल त्या सहकाऱ्याला मी हे विचारत सुटलोय. बहुतेकांचं उत्तर एकच, 'ते नवीन कॉलेजांचं असतं ना?' आणि वाईट याचं वाटतं की हे उत्तर फारसं चुकीचं नाही.

2024-25 ते 2028-29 असा पाच वर्षांचा आराखडा सध्या चालू आहे. म्हणजे आज जो मुलगा बारावीत आहे त्याला पदवीला काय शिकायला मिळेल, कोण शिकवेल, त्याच्या तालुक्यात प्रयोगशाळा असेल की नुसता फलक, हे सगळं तत्त्वतः या दस्तऐवजात ठरलेलं असायला हवं. प्रत्यक्षात त्याची पानं चाळणारे बहुतेक जण थेट शेवटच्या परिशिष्टांकडे वळतात. तिथे स्थळबिंदूंची, म्हणजे नवं कॉलेज कुठे काढता येईल त्या ठिकाणांची यादी असते. जिल्हा, तालुका, गाव, विद्याशाखा. आपल्या गावापुढे बिंदू पडला की नाही एवढंच पाहायचं, कारण बिंदू असेल तरच पुढे इरादा पत्राचा, म्हणजे नवं कॉलेज काढण्याच्या प्राथमिक संमतीचा अर्ज करता येतो. परिशिष्टांआधीच्या शंभर पानांत संशोधन, समाजाभिमुखता, जागतिक दर्जा वगैरे असतं. ते कोणी वाचत नाही आणि बहुधा कोणी वाचावं म्हणून लिहिलेलंही नसतं.

याचं मूळ जुन्या कायद्यात आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यातल्या कलम 82 ने आराखडा मागितला तो महाविद्यालयांच्या स्थाननिश्चितीसाठीच. हेतू चांगला होता. जिथे सोय नाही, जो भाग मागे राहिलाय, तिथे आधी कॉलेज जावं, आणि आराखड्यात नसलेल्या ठिकाणचा अर्ज विचारातच घेऊ नये. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने कलम 107 मध्ये ही कल्पना बरीच रुंद केली. पण कायदा बदलला म्हणून सवय बदलत नाही. संस्थाचालकांची नाही, विद्यापीठ कार्यालयाची नाही आणि आपली तर नाहीच.

आता हा आराखडा करतो कोण? अधिष्ठाता मंडळ, म्हणजे विद्याशाखांच्या प्रमुखांचं मंडळ, मसुदा तयार करतं, मग तो विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, सिनेट (अधिसभा) असा चढत जातो आणि शेवटी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य उच्च शिक्षण आणि विकास आयोगाकडे, 'माहेड'कडे मंजुरीला. कागदावर पाहिलं तर प्रत्येक पायरीवर शिक्षक आहे. सिनेटमध्ये महाविद्यालयीन शिक्षकांमधून निवडून आलेले 10 जण, विद्यापीठ विभागांतले 3, शिवाय निवडून आलेले 10 प्राचार्य, तेही शेवटी शिक्षकच. मग तक्रार कसली, असं कुणीही विचारेल.

तक्रार क्रमाची आहे. शिक्षक या प्रवासात येतो तो मसुदा छापून झाल्यावर. त्याच्याकडे येते ती जाड पुस्तिका, तीही सभेच्या काही दिवस आधी, आणि तेव्हा त्याला दोनच गोष्टी करता येतात. मंजूर म्हणणं किंवा एखाद्या बिंदूवर भांडणं. आमच्या विषयाच्या शिक्षकांना पाच वर्षांत काय करावंसं वाटतं, कुठला अभ्यासक्रम बंद करावासा वाटतो, कुठे दोन कॉलेजांनी मिळून एक विभाग चालवला तर चालेल, हे विचारणारं पत्र मला माझ्या सबंध नोकरीत आलेलं आठवत नाही. माहिती मागवणारी पत्रं मात्र ढिगाने आली. विहित नमुन्यात, दोन प्रतींत, उद्या सायंकाळपर्यंत.

आणखी एक गंमत पाहा. सिनेट, विद्यापरिषद अशा विद्यापीठाच्या प्राधिकरणांची मुदत 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट अशी पाच वर्षांची. मागची 2022 च्या ऑगस्टअखेर संपली, आताची 2027 ला संपेल. आराखडा मात्र 2029 पर्यंत. म्हणजे ज्यांनी तो मंजूर केला ते उरलेली दोन वर्षं उत्तर द्यायला सभागृहात असतीलच असं नाही, आणि जे येतील ते म्हणणार 'आमच्या आधीचं आहे'. त्यातही मुदत संपली की लगेच निवडणूक होते असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर आपले 10 प्रतिनिधी पाठवायला 2022 पासून थेट सप्टेंबर 2024 पर्यंत थांबावं लागलं, तेही निवडणूक लांबणीवर पडत पडत, उच्च न्यायालयात जाऊन. नवा आराखडा ज्या काळात शिजत होता नेमका तोच हा काळ. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण अशा योगायोगांत नुकसान नेहमी एकाच बाजूचं होतं.

सभा कशा चालतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. विषयपत्रिका लांबलचक, त्यात खरे विषय चार. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, कुलगुरूंनी कलम 12(7) खाली घेतलेल्या निर्णयांची नोंद, मग जेवण, मग ऐनवेळचे विषय. 12(7) हे तातडीच्या प्रसंगासाठी आहे. प्राधिकरणाची सभा बोलवायला वेळ नाही, निर्णय तर आजच हवा, अशा वेळी कुलगुरूंनी तो घ्यावा आणि नंतर प्राधिकरणाला कारणांसह कळवावं. हे कलम नसेल तर विद्यापीठ चालणारच नाही, मान्य. पण नेहमीच्या समित्या नेमायच्या तरी 12(7), अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची तरी 12(7), असं होऊ लागलं की विद्यापरिषदेत बसलेल्या माणसाचं काम 'नोंद घेतली' एवढंच उरतं.

मला ओळखणारे एक निवृत्त प्रशासकीय अधिकारी यावर नेहमी चिडतात. त्यांचं म्हणणं, तुम्हा प्राध्यापकांना सगळ्यात विचारत बसलं तर पाच वर्षांचा आराखडा करायला सात वर्षं लागतील. खासगी विद्यापीठं सहा महिन्यांत नवा अभ्यासक्रम उभा करतात, तुम्ही अजून उपसमितीच्या उपसमितीत. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. पण घाईची किंमत काय असते हे आपण 2017 मध्ये मुंबईत पाहिलंय. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय झाला, एका विद्याशाखेत प्रयोग करून नाही, सगळ्या विद्याशाखांत एकदम. 17 लाखांवर उत्तरपत्रिका. स्कॅनिंग, प्रशिक्षण, तपासणी केंद्रं, काहीच नीट बसलेलं नव्हतं आणि शिक्षक ते सांगत होते. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. आपण ही गोष्ट तंत्रज्ञानाची किंवा एका माणसाच्या हट्टाची म्हणून सांगतो. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. नवा कायदा त्याच वर्षी 1 मार्चला लागू झाला होता आणि त्याप्रमाणे निवडून आलेली सिनेट अजून उभीच राहिली नव्हती. पदवीधर गटाची निवडणूक मार्च 2018 मध्ये झाली. 'थांबा, आधी एका शाखेत करून पाहू' असं अधिकृतपणे, सभागृहात, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने म्हणू शकेल असं निवडून आलेलं माणूसच त्या वेळी तिथे नव्हतं. बाहेर ओरडणारे पुष्कळ होते. बाहेरच्या ओरडण्याची नोंद कोण घेतो?

अर्थात जागा मिळाल्या की आपण काय दिवे लावतो, हेही बोललं पाहिजे. यावर शिव्या पडतील, पडू देत. विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची निवडणूक आपण विषयासाठी लढवतो की पॅनेलसाठी? मतदार यादी हाती आली की आधी काय पाहतो, कोण कुठल्या संघटनेचा, कुठल्या संस्थेचा, कुठल्या जातीचा. निवडून आलं की अभ्यासक्रम बदलायचा, कारण बदलला की नवी पुस्तकं लागतात आणि ती पुस्तकं कोणाची असतात हे प्रकाशकही जाणतात. 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आलं तेव्हा मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असा सगळा पसारा आला. त्या वेळच्या बैठकांत मुलांनी काय शिकावं यावर किती बोललो आणि कुणाचा कार्यभार किती तासांनी घटतोय यावर किती बोललो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कार्यभाराची भीती खोटी नाही, तास घटले की पद अतिरिक्त ठरतं आणि घर त्या पगारावर चालतं. पण आपली सगळी लोकशाही तासांच्या तक्त्यात संपत असेल तर कुलगुरू कार्यालयाला आपल्याला डावलणं सोपं जातं. 'यांना नुसता कार्यभार वाचवायचाय' एवढं म्हटलं की झालं.

आणि हे सगळं बोलतोय ते आपण, पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक. अनुदानित कॉलेजांत जाऊन पाहा, एखाद्या विभागात एक कायम आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारे. सीएचबीवाली (क्लॉक अवर बेसिस) मुलं म्हणतो आपण त्यांना. त्यातल्या कित्येकांची चाळिशी आली, नेट-सेट आहे, पीएचडी आहे, वर्षातले काही महिने मानधन नाही. पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग त्यांच्या गळ्यात, अंतर्गत मूल्यमापन त्यांच्याकडे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली तर त्यांच्याशिवाय हलत नाहीत. पण शिक्षक मतदारसंघाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. अभ्यास मंडळावर ते येऊ शकत नाहीत. म्हणजे जो रोज वर्गात उभा राहतो त्याला मत नाही, आणि ज्याला मत आहे त्याने तो वर्ग बऱ्याच दिवसांत पाहिलेला नाही. शिक्षकांच्या स्वशासनाबद्दल भाषण देताना आपल्या नेत्यांच्या तोंडून हा मुद्दा मी फार क्वचित ऐकलाय.

यातूनच आराखड्याचं खरं भोक दिसतं. स्थळबिंदू विद्यापीठ ठरवतं, पद मात्र शासन मंजूर करतं, आणि शासनात वित्त विभाग. आराखड्यात 'रिक्त पदे भरण्याचा प्रयत्न' हे वाक्य असतं, पण ते विद्यापीठाच्या हातातच नसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 च्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत एकूण गटात 37 वं होतं, 2025 मध्ये 91 वर गेलं. मग सगळीकडे चर्चासत्रं, आत्मपरीक्षण, कृती आराखडा. अशा क्रमवाऱ्यांवर माझी फार श्रद्धा नाही, पण विद्यार्थी-शिक्षक प्रमाण तिथे मोजलं जातं आणि शिक्षक निवृत्त होत जाऊन जागा भरल्याच नाहीत तर आकडा खाली येणार, हे कळायला सल्लागार कंपनी लागत नाही.

हे दुखणं जुनं आहे. लॉर्ड कर्झनने 1904 चा विद्यापीठ कायदा आणला तेव्हाही भाषा कार्यक्षमतेचीच होती. सिनेट आटोपशीर करू, 50 ते 100 जणांची, त्यातले मुंबईत निवडून आलेले 20, उरलेले बहुतेक सरकारने नेमलेले. वर्षानुवर्षं फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात त्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. स्वातंत्र्यानंतर मुंबईचेच कुलगुरू न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठांच्या कारभारावर विद्यापीठ अनुदान आयोगाची समिती बसली, तिचा अहवाल 1971 चा. अलीकडे निगवेकर, काकोडकर, ताकवले अशा तीन समित्यांनंतर 2016 चा कायदा आला. त्यात आधी निवडून येणारे अधिष्ठाते नेमणुकीचे आणि पूर्णवेळ झाले, आणि विद्याशाखा चारच राहिल्या. पूर्णवेळ अधिष्ठाता ही कल्पना मला पटते. कॉलेजात रोजचे तास घेऊन विद्याशाखा सांभाळणाऱ्या माणसाकडून नियोजन होत नाही. पण मग ज्यांच्यासाठी नियोजन करायचं त्यांना निदान वर्षातून एकदा भेटायचं बंधन तरी घालायचं होतं. कित्येक ठिकाणी तर ही पदंच प्रभारी.

2020 च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक संस्थेने स्वतःचा विकास आराखडा करावा आणि तो अध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी या सगळ्यांनी मिळून करावा, असं स्पष्ट म्हटलंय. अनुदान आयोगाने 2024 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. आता कॉलेजाकॉलेजात असे आराखडे बनताहेत. कसे, तर आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकाने दुसऱ्या कॉलेजची फाइल मागवून घेतली, नाव बदललं, पीडीएफ केली, संकेतस्थळावर टाकली. 2047 पर्यंतचं व्हिजन आहे त्यात. पुढच्या जूनमध्ये संख्याशास्त्र कोण शिकवणार ते नाही.

मला क्रांती नको आहे, 2016 च्या कायद्यात बसेल एवढंच हवंय. मसुदा सिनेटकडे जाण्याआधी दोन महिने संकेतस्थळावर टाका, मराठीत. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांची जिल्हावार एक बैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त मसुद्याला जोडा, आमच्या सूचना फेटाळल्यात तर का फेटाळल्या तेही एका ओळीत लिहा. अभ्यास मंडळाच्या बैठकीला तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकाला निमंत्रित म्हणून बसवा, मत नसेना का. स्थळबिंदूंच्या परिशिष्टात एक रकाना वाढवा, या ठिकाणी मंजूर पूर्णवेळ पदं किती. आणि मार्चच्या अर्थसंकल्पी सभेत आराखड्यातलं काय झालं, काय नाही, याचा अहवाल ठेवा, प्रश्नोत्तरांच्या आधी, जेवणानंतर नव्हे.

आमच्या भागातून सिनेटवर गेलेल्या सदस्यांना या रकान्याबद्दल मी पत्र दिलंय. दोघांनी 'चांगला मुद्दा आहे सर' म्हटलं. एकाने विचारलं, रकाना रिकामा राहिला तर बिंदू रद्द होईल का? त्यांच्या संस्थेचा एक बिंदू यादीत आहे.

मी म्हटलं, व्हायला हवा.

तेव्हापासून त्यांचा फोन नाही.