पगार कुणाच्या हातात पडतो?

युद्धानं मोडलेल्या देशांत फौज-पोलीस नव्यानं कसे उभे करायचे, यावरच्या दोन दिवसांच्या परिषदेहून मक्या आल्यापासून साधं बोलायचंच विसरलाय. अफगाणिस्तानचं नाव निघायचा अवकाश, लगेच सुरू. "मूळ मुद्दा क्षमताबांधणीचा आणि स्थानिक मालकीचा आहे." म्हणजे तिथल्या लोकांना तयार करायचं आणि कारभार त्यांच्याच हाती द्यायचा.

"मालकी झालीच की स्थानिक," वैशाली म्हणाली. "बंदुका, गाड्या, सगळं तालिबानच्या मालकीचं."

मक्या बधणारातला नाही. "वीस वर्षं जगानं काय दिलं नाही? फौज, पोलीस, हेलिकॉप्टरं. त्यांच्यात लढायची इच्छाच नव्हती, त्याला कोण काय करणार?"

इतका वेळ गप्प बसलेले सुभेदारकाका एकदम तडकले. "इच्छा नव्हती? साठ हजारांच्या पुढे जवान नि पोलीस मेले त्यांचे. बसल्या जागी बोलायला काय जातं!"

मक्यानं चष्मा पुसायला घेतला. अडचणीत आला की तो चष्मा पुसतो.

"कामं कशी वाटली होती ते बघ ना," वैशाली म्हणाली. "२००२ साली ठरलं, सैन्य अमेरिकेनं बघायचं, पोलीस जर्मनीनं, न्यायालयं इटलीनं, टोळ्यांची हत्यारं जपाननं गोळा करायची, अफूचा धंदा ब्रिटननं रोखायचा. म्हणजे पोलीस जर्मनीचा, न्यायाधीश इटलीचा, आरोपी तेवढा अफगाण."

"समन्वयाचा अभाव," मक्या पुटपुटला.

"समन्वय राहू दे. पगार कुणाच्या हातात पडतो ते सांग."

वैशालीचं सगळं आयुष्य पगारपत्रकं तपासण्यात गेलंय, त्यामुळे जगातली प्रत्येक भानगड ती तिथंच आणून सोडते. आम्ही एरवी चिडवतो तिला. पण या वेळी तिनं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. २००९ साली अफगाणिस्तानातल्या वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार मोबाइलवरून द्यायला सुरुवात केली. पोलिसांना वाटलं, पगारवाढ झाली! वाढबिढ काही नव्हती. आजवर मधल्या मध्ये जे गळत होतं ते थांबलं, एवढंच. एका साहेबाला हे इतकं झोंबलं, की त्यानं शिपायांचे फोन आणि पिन मागून घेतले आणि स्वतःच पैसे काढायला एजंटाकडे गेला.

"आता या साहेबाची क्षमता आणखी किती बांधायची, मक्या?"

"एका उदाहरणावरून..."

"इराक घे मग. २०१४ साली त्यांचे पंतप्रधानच म्हणाले, चार डिव्हिजनांमध्ये पन्नास हजार सैनिक फक्त कागदावर आहेत. मोसुल शहर इसिसच्या हाती पडल्यावर कळलं हे."

"पगार बरोबर उचलत होते मात्र," विन्या म्हणाला.

मक्यानं मग पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया काढला. यादवी युद्धानंतर तिथं जुनं सैन्य अख्खं मोडून दोन हजारांच्या आसपास नवी भरती केली, ती अमेरिकेनंच. इथं मात्र वैशालीनं मान डोलावली. उमेदवारांचे फोटो लोकांपुढे ठेवले होते त्यांनी, यानं युद्धात कुणावर अत्याचार केला असेल तर सांगा म्हणून. ज्यांनी भोगलं त्यांनाच विचारायचं, हे मलाही पटतं. काकांनी लगेच सीआरपीएफच्या महिला तुकडीची आठवण काढली. २००७ पासून नऊ वर्षं लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होत्या या बायका. काका असे सांगत होते, जणू भरती त्यांनीच केली होती.

"बघा! स्थानिक मालकी!" मक्या उसळला.

"लष्करप्रमुख २०१४ पर्यंत नायजेरियन होता," वैशाली म्हणाली. "आणि भरतीचं कंत्राट अमेरिकेतल्या खाजगी कंपनीला."

"तो संक्रमणकाळ होता. महत्त्वाचं काय, तर पारदर्शकता, उत्तरदायित्व..."

"मक्या," काका म्हणाले, "मागच्या सहलीची वर्गणी तुझ्याकडे होती ना रे?"

मक्याचा चष्मा परत रुमालात गेला. "त्याची एक्सेल शीट आहे."

"कुणी पाहिलीय?"

"मी पाहिली," विन्या म्हणाला. "माझ्या नावावर तीन दिवसांचं जेवण लावलंय. मी सहलीला आलोच नव्हतो!"

"पन्नास हजार एक!" काका ओरडले.

मक्या अजून सांगतोय, की विन्याचं येणं तत्त्वतः ठरलं होतं.